निळ्यावर पिवळा

थोरलीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं केंद्रातली माणसं म्हणत. ते काही खरं नव्हतं. नाकावरचा राग शिंक आली की उडतो. थोरलीचा राग बिऱ्हाड थाटून राहिलेला होता. सकाळी तिच्याबरोबर उठायचा, तिच्याबरोबर चहा प्यायचा आणि तिच्याआधी दोन पावलं कामावर पोचायचा. तिच्या पावलांचा आवाज आला की शेडमधले लोक आपापल्या हातातलं काम जरा जास्तच मन लावून करू लागायचे.

केंद्र म्हणजे मधमाश्यांच्या राण्या तयार करून विकायची जागा. उतारावर ओळीने मांडलेल्या चारशे लहान पेट्या, त्यांच्या खाली एक लांबट शेड, शेडमध्ये खिडकीला लावलेलं टेबल आणि त्या टेबलाशी एकतीस वर्षं थोरली. काम एकच. राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा.

ऐकायला हे पोरखेळ वाटतं. पण पेटीत हजारो माश्या आणि त्यांत राणी एक. ठिपका नसेल तर तिला शोधता शोधता माणसाच्या डोळ्यांना पाणी येतं. शिवाय ठिपक्याचा रंग तिचं वय सांगतो. पाच वर्षांचे पाच रंग ठरलेले: पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, निळा, आणि मग पुन्हा पांढरा. पाच वर्षांपुढे राणी काही जगत नाही, त्यामुळे घोटाळा होत नाही. पेटी उघडली, रंग पाहिला की ही कुठल्या सालची ते कळलं. माणसांच्या बाबतीत अशी सोय नाही हे बरंच आहे, नाहीतर अर्ध्या जगाने पाठीला पदर गुंडाळून हिंडायला सुरुवात केली असती.

थोरली राणीला डाव्या हाताच्या चिमटीत धरायची, तेही राणीच्या छातीच्या बाजूने. पोटाला बोट लावायचं नाही, सगळी अंडी तिथेच. उजव्या हातात टोक काढलेली काडी, टोकावर मोहरीपेक्षा लहान रंगाचा थेंब. तो दोन पंखांच्या मधोमध टेकवायचा. जरा पुढे सरकला तर राणी आंधळी, जरा बाजूला गेला तर पंख चिकटले. मग मनात शंभर आकडे मोजायचे. तेवढ्यात रंग सुकतो. ज्याला शंभरापर्यंत धीर नाही तो ओल्या रंगाची राणी आत सोडतो, आणि तिच्याच पोटच्या मुली तिला परकी समजून गराडा घालतात, गुदमरवून मारतात. एरवी दोन मिनिटं शांत न बसणारी थोरली, राणी हातात असली की, बरोबर शंभर मोजायची. लांबलांबचे लोक राण्या घ्यायला आले की विचारायचे, "ठिपका ताईंच्या हातचा आहे ना?" मग त्यांना दुसरं काही विचारावं लागत नसे.

तिची धाकटी बहीणही तिथेच कामाला होती. थोरली सत्तावन्नची, ही अठ्ठेचाळीसची. दोघींचीही लग्नं झाली नाहीत. थोरलीचं तिच्या जिभेमुळे आणि धाकटीचं थोरलीच्या जिभेमुळे. शेडच्या मागे दोन खोल्यांत दोघी राहायच्या. धाकटीचा हात थोरलीनेच घडवला होता, आणि खरं सांगायचं तर तो थोरलीपेक्षा हलका होता. हे थोरलीला ठाऊक होतं. ती ते बोलून दाखवणार नव्हती, जीव गेला तरी.

केंद्रात आणखी एक काम असायचं, त्याबद्दल गिऱ्हाइकांसमोर कुणी बोलत नसे. पैदाशीसाठी ठेवलेल्या राण्यांचा दुसरा हंगाम संपला की त्यांना मारायचं. अंडी कमी होतात, पेटी खंगते, म्हणून. अंगठ्याच्या नखाने डोकं चेपायचं आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायचं. वर्षानुवर्षं ते थोरलीनेच केलं होतं. तीन वर्षांपूर्वी तिच्या अंगठ्याचं हाड दुखायला लागलं तेव्हा तिने बाटली धाकटीपुढे सरकवली. धाकटी "बरं" म्हणाली. धाकटी सगळ्यालाच बरं म्हणायची.

आता त्या बसवाल्याची गोष्ट.

हा माणूस चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झाला होता. निवृत्तीनंतर लोक भिंतीकडे बघत बसतात, तसं बसायला नको म्हणून त्याने घरामागच्या जागेत मधमाश्या पाळल्या. नऊ पेट्या. यंदा पिवळ्याचं साल. हंगामाच्या सुरुवातीला त्याने केंद्रातून नऊ नव्या राण्या नेल्या, नऊही पिवळ्या ठिपक्याच्या, आणि दोन महिन्यांनी तो परत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात काडेपेटी. काडेपेटीत कापसावर एक मेलेली राणी.

"ताई, नऊपैकी सात पेट्या बसल्या," तो म्हणाला. "अंडी अशी तुरळक घालतात, मधेमधे भोकं. माश्या रोज कमी होतायत. राण्यांतच काही..."

"राण्यांत?" थोरली उठून उभी राहिली. शेडमध्ये त्या वेळी दहाबारा माणसं होती, त्यांत चार गिऱ्हाइकं. "माझ्या ठिपक्याच्या राण्यांत?"

"तसं नाही म्हणत मी..."

"मग कसं म्हणताय? एकतीस वर्षं बसलेय इथे. एक राणी परत आली नाही. अहो काका, बस नाही ही, गियर टाकला आणि निघाली. रोज उघडून बघत असाल पेट्या. बघता ना?"

"रोज नाही, पण..."

"मधेमधे भोकं म्हणता. वास येतो?"

तो गोंधळला. "येतो बहुतेक. जरासा."

"बहुतेक! रोग शिरलाय तुमच्या पेट्यांत. तुमच्या अस्वच्छपणाने शिरलाय. आता दुसऱ्यांच्या पेट्या बुडायच्या आत जाळून टाका सगळ्या. नऊच्या नऊ. एखादी बरी दिसते म्हणून दया करायची नाही."

कोपऱ्यातून धाकटी उठली होती. "ताई, एकदा जाऊन बघून तरी ये."

"तू गप्प बस. तुला काय कळतंय?"

धाकटी खाली बसली. बसवाल्याने सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, "माफ करा हं" असं म्हणाला आणि गेला. काडेपेटी टेबलावरच राहिली. पेटी उघडून पाहिल्याशिवाय पेटीबद्दल बोलू नये, हे थोरली प्रत्येक नव्या माणसाला बजावून सांगायची. त्या दिवशी मात्र उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

आठवड्याभराने त्याचं पत्र आलं. सुवाच्य अक्षरात चार ओळी. आपण सांगितल्याप्रमाणे नऊही पेट्या जाळल्या, वेळेवर सांगितलंत म्हणून आभारी आहे. थोरलीने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. "शहाणा निघाला म्हणायचा," ती म्हणाली. केंद्राच्या मालकाने पत्र फायलीत लावलं आणि काडेपेटी खिडकीच्या फळीवर गेली, निष्काळजीपणाने काय होतं ते नव्या लोकांना दाखवायला.

पाच महिने गेले. हंगाम संपला, पांढऱ्या ठिपक्याच्या राण्या मारायची वेळ आली. थोरलीने स्पिरिटची बाटली धुऊन टेबलावर ठेवली तशी धाकटी म्हणाली, "ताई, यंदा हे काम मला देऊ नकोस."

"का? हाताला मेंदी लावलीयस?"

"मला नाही होत."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगठा ठणकत होता, सत्तावीस राण्या थांबल्या होत्या आणि ही बाई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लाडात आली होती. "नाही होत म्हणजे? तीन वर्षं कशी झाली? असला मऊपणाच पेट्या बुडवतो. तो बसवाला बघ. त्याचंही असंच, जीव टाकणार आणि काळजी घेणार नाही. ये इकडे, दाखवते तुला." तिने फळीवरची काडेपेटी खाली घेतली, वाळून खारकेसारखी झालेली राणी तळहातावर पालथी केली. "बघ. माझा ठिपका अजून जसाच्या तसा आहे. रंग टिकला, राणी नाही टिकली. कुणाची चूक?"

आणि रंग कसा पक्का बसलाय ते दाखवायला तिने त्यावर नख टेकवलं.

"खरवडू नकोस," धाकटी म्हणाली.

जरा घाईनेच म्हणाली. थोरलीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. धाकटीचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला होता. थोरलीने नजर तिच्यावरच ठेवून नख ओढलं, मग खाली बघितलं. पिवळा पापुद्रा निघून आला होता. त्याच्या खाली निळा ठिपका होता.

निळा म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा. म्हणजे ही राणी नवी नव्हती. गेल्या हंगामाच्या शेवटी ती बाटलीत असायला हवी होती. तिच्यावर कुणीतरी यंदाचा रंग चढवला होता, आणि असा चढवला होता की खालचा कणभर निळाही कडेने दिसू नये. जुन्या राणीला पुन्हा पकडून, ठिपक्यावर ठिपका देऊन जिवंत सोडणं ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. असे हात त्या शेडमध्ये दोनच जणींना होते, आणि त्यांतली एक थोरली स्वतः.

"किती?" तिने विचारलं.

"सोळा."

"विकायला केलंस?"

"नाही गं! शपथ नाही." धाकटी रडत नव्हती, नुसती भराभर बोलत होती. "पहिल्या वर्षी मारल्या मी. दुसऱ्या वर्षीही मारल्या. गेल्या वर्षी आठ मारल्या आणि हात पुढे जाईना. उरलेल्या सोळा वरच्या मागच्या ओळीत ठेवल्या. निळ्या दिसल्या असत्या तर तूच विचारलं असतंस, म्हणून नवा हंगाम लागल्यावर पिवळा दिला. तिथेच राहतील, तिथेच मरतील म्हटलं. पण गर्दीच्या आठवड्यात पुढच्या ओळी संपल्या तेव्हा राण्या पोचवणाऱ्यांनी मागच्या ओळीतून पिंजरे भरले. पिवळा ठिपका म्हणजे नवी राणी. त्यांचं काय चुकलं?"

"तुला कधी कळलं?"

"काका काडेपेटी घेऊन आले तेव्हा."

"पाच महिने! पाच महिने मिठाची गुळणी धरून बसलीस?" थोरलीने रंगाची वाटी भिंतीवर भिरकावली. पिवळा रंग खिडकीपर्यंत उडाला. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, आणि तू बघत होतीस? मी एवढा घसा फोडून माझा ठिपका, माझा ठिपका म्हणत होते आणि तू ऐकत होतीस? माझ्या हाताखाली शिकून माझ्याच तोंडाला काळं फासलंस! पाप वाटलं राण्यांचं, त्या माणसाचं नाही वाटलं?"

"मी उठले होते," धाकटी म्हणाली. "जाऊन बघून ये म्हणाले होते. तू गप्प बस म्हणालीस."

"मग? एरवी जन्मात माझं ऐकलं नाहीस, ते नेमकं त्याच दिवशी ऐकायचं होतं?"

"एरवीही ऐकतेच गं मी," धाकटी म्हणाली.

यावर थोरलीचा राग दुप्पट झाला. ती बहिणीवर चिडली होती हे खरं. पण धाकटीने केलेली चूक सोळा राण्यांची होती. न बघता, वास न घेता, चारचौघांसमोर नऊ पेट्या जाळायला सांगणारी जीभ धाकटीची नव्हती. स्वतःवर आलेला राग ठेवायचा कुठे हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती तरातरा मालकाच्या खोलीत गेली.

मालकाने सगळं ऐकून घेतलं, फाईल काढली आणि ते पत्र तिच्यापुढे ठेवलं. "ताई, तो माणूस तक्रार करत नाहीये. आभार मानतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उकरून काढायचं?"

"तो आभार मानतोय म्हणूनच."

"केंद्राचं नाव जाईल."

"केंद्राचं नाव माझ्या ठिपक्यावर चालत होतं. तो खोटा निघाला. आता काय वाचवताय, पाटी?"

"पेट्या काही परत येणार नाहीत."

"त्या तुम्ही द्यायच्या, राण्यांसकट. ते नंतर बघू. आधी मी जाऊन सांगते."

"गेलात तर टेबलावर परत बसवणार नाही," मालक म्हणाला. तोही आता चिडला होता.

"मग टेबल रोज पुसत जा. खिडकीतून धूळ फार येते," थोरली म्हणाली आणि निघाली. दारात धाकटी पायात चपला घालून उभी होती. "तू यायचं नाहीस," थोरली म्हणाली. धाकटी आली. "बरं, आलीयस तर तोंड उघडायचं नाहीस." धाकटी "बरं"सुद्धा म्हणाली नाही.

बसवाल्याचं घर गल्लीच्या शेवटी होतं. मागच्या मोकळ्या जागेत विटांचे नऊ जोड अजून तसेच मांडलेले होते, पेट्या ठेवायला घातलेले. कोपऱ्यात जमिनीवर बैलगाडीएवढा काळा डाग होता. गवताने त्याला चारी बाजूंनी वळसा घातला होता. थोरलीने ते पाहिलं आणि तिला वाटलं, या माणसाने आता आपल्याला शिव्या द्याव्यात. सणसणीत द्याव्यात, शेजारच्यांनी खिडक्या उघडाव्यात अशा. ती सगळ्याला तयार होऊन आली होती.

त्याने दार उघडलं आणि ओशाळून हसला. "ताई? या, या. अहो, जाळल्या हं मी सगळ्या. पत्र मिळालं ना?"

थोरली बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सांगून टाकलं. तुमच्या पेट्यांत रोग नव्हता. त्या सात पेट्यांतल्या राण्या म्हाताऱ्या होत्या, निळ्यावर पिवळा रंग देऊन गेलेल्या. मी न बघता बोलले. माझं चुकलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते दोन शब्द तिच्या तोंडून निघत होते, आणि ते रागावल्यासारखेच निघाले, कारण दुसरा सूर तिला येत नव्हता.

"रंग मी दिला होता, काका," धाकटी मागून म्हणाली. "ताईला ठाऊक नव्हतं."

बसवाला दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने अगदी हळू विचारलं, "म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

"अगं!" तो आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला. "अगं, ऐकलंस का? माझं नव्हतं चुकलं! ताई स्वतः आल्यात सांगायला. चहा टाक!"

त्याची बायको दारात आली. ओल्या हातांनी, आतून सगळं ऐकून. "नाही टाकणार," ती म्हणाली आणि थोरलीकडे बघत तिथेच उभी राहिली. या घरात एक तरी माणूस रागावलेलं आहे हे पाहून थोरलीला जरा श्वास घेता आला.

बसवाल्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो लगबगीने गेला आणि जाडजूड वही घेऊन आला. प्रत्येक पेटीची रोजची हकीकत त्यात लिहिलेली होती, पत्रात होतं त्याच सुवाच्य अक्षरात. त्याने थोरलीला हाताला धरून बसवलं आणि वही तिच्या मांडीवर उघडली. "हे बघा. पहिल्या आठवड्यात मी पेट्या उघडल्याच नाहीत. राणीला रुळू दिलं. बरोबर होतं ना?"

"बरोबर."

"इथे पावसाची झड होती म्हणून साखरेचं पाणी दिलं. रोज वाटीभर. जास्त नाही झालं ना?"

"नाही. बरोबर."

"चौथ्या पेटीला मुंग्या लागल्या. विटांखाली राख घातली."

"बरोबर."

एकेक पान उलटत तो विचारत गेला, शाळेतल्या पोराने गणितं तपासून घ्यावीत तसा. दर उत्तराला त्याची मान थोडी ताठ व्हायची. थोरलीने शोधून पाहिलं. तिला एखादी चूक हवी होती, छोटीशी का होईना, म्हणजे निदान थोडा भार तरी वाटून घेता आला असता. चूक नव्हती. या माणसाने तिच्या केंद्रातल्या निम्म्या लोकांपेक्षा नीट काम केलं होतं. धाकटी भिंतीशी उभी राहून ऐकत होती आणि बायको दारात, त्या दोघींना कुणी बसा म्हणत नव्हतं.

शेवटच्या पानावर दोनच ओळी होत्या. "नऊही पेट्या जाळल्या. दोन चांगल्या चालल्या होत्या, पण ताई म्हणाल्या दया करू नका."

"आणि हे?" त्याने विचारलं. पानं उलटत आल्याच्या भरात त्याने तेही विचारलं, मघासारख्याच उत्साहाने.

"हे चूक," थोरली म्हणाली. "आणि ती माझी."

त्याने मान डोलावली. मग त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. इतका वेळ त्याला आपण सुटलो एवढंच कळलं होतं. आता बाकीचं कळायला लागलं. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरत गेलेला सगळ्यांना दिसला.

"त्या दोन पेट्या भरलेल्या होत्या हो," तो म्हणाला. "आतून आवाज येत होता. मी कान लावला होता, आणि तरी काडी ओढली."

मग बायको पुढे आली, तिने त्याच्या बोटाखालून वही काढून घेतली, मिटली आणि थोरलीला म्हणाली, "उठा आता."

थोरली उठली.